काबरीचा दिवा

भामाबाई : त्या लाईटीच्या हापिसानं मारलं माज्या माणसाला, आन कागदावर नाव टाकलं खेळाच्या मशिनीचं. मी त्येच्या तोंडावर बोलले. म्हणलं, सायेब, लाईन तुमची, खांब तुमचा, तार तुमची, आन चूक तेवढी मेलेल्याची? बजरंगभावजी, तुमी तिथंच उभे होता. तुमी मान खाली घातली.

बजरंग : माजं काय चालतंय तिथं, वैनी. मी झिरो वायरमन. हापिसात माजं नाव न्हाई, पगारपत्रकावर न्हाई. पगारवाला लाईनमन खाली सावलीला उभा ऱ्हातो आन खांबावर मी चढतो. माज्या बोलण्याला तिथं कोण इचारतंय?

भामाबाई : नाव नसंल. मान तर तुमचीच हाय ना.

बजरंग : असंच बोलत बसलो तर उजेड जाईल. उद्या तुमच्या तकरारीवरून जिल्ह्याचे तपासणीवाले येणार हायती. मशीन उघडायचंय का न्हाई?

भामाबाई : उघडायचंय. ऋतुजा, आत ये. उंबऱ्यात किती वेळ उभी ऱ्हाणार? काच उचलायला दोगं लागत्यात.

ऋतुजा : मी हात लावणार नाही त्याला. तू काकांना बोलावलंस, काका बघतील.

बजरंग : आगं, तू आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकती, आन मी खांबावरचा गडी. मला वरच्या तारा कळत्यात. ह्या डब्यातली गुंतवळ तुज्याबिगर कोण सोडवणार?

भामाबाई : सोडलं तिनं आयटीआय. जत्रंत बाप गेल्यापसून घरातल्या बटणाला हात लावत न्हाई. अंधार पडला तर अंधारात बसती. सकाळी माज्यासंगं मेंढरामागं येती, सांजला मेंढरासंगं परत येती. मेंढरं तरी वरडत्यात, ही त्येबी न्हाई.

बजरंग : त्या सायबाच्या कागदावरून?

भामाबाई : त्या कागदावरूनच. वाचून दाखवला ना अंगणात उभं राहून, सगळ्या वस्तीदेखत.

ऋतुजा : मला पाठ आहे तो. ‘खेळाच्या यंत्रातील दिव्यांच्या वायरची जोडणी सदोष. आतील भाग ओलसर व गंजलेला. सबब चालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा.’ काका, त्या दिवशी सकाळी दिव्याच्या वायरला जोड मी दिला होता. काबरी लागत नव्हती. दादा म्हणाले, तू शिकतीस ना, दे जोडून. मी जोडून दिली. रात्री दादा गेले. आता यात आणखी काय उघडून बघायचंय?

बजरंग : काबरी कोण?

भामाबाई : मेंढी. म्हंजी, आता दिवा हाय. आधी मेंढी होती.

बजरंग : मला काय कळंना झालं, वैनी.

भामाबाई : तुमी नारायणगडाच्या जत्रंत ह्या मशिनीवर खेळला न्हाईत का? ह्येंच्या मागं उभं राहून तुमी एक गोळी, आणखी एक गोळी करत होता.

बजरंग : खेळलो की. दांडा ओढायचा, गोळी सुटती, घंट्यांना धडकत धडकत खाली येती. खालच्या दोन फळ्यांनी तिला परत वर मारायची. माजी कदी वर गेलीच न्हाई. धुळाजी म्हणायचा, बजरंग्या, तू खांबावरच बरा हायस.

भामाबाई : मग मागच्या उभ्या काचंकडं बघितलं न्हाई व्हय? परळीला एक गेमचं दुकान बंद पडलं, तिथनं ह्येंनी हे धूड आणलं. काचंवर कुण्या गोऱ्या बाईचं चित्र होतं, त्येचा रंग सगळा उडालेला. पाट्या रंगवणाऱ्याला बसवून ह्येंनी त्यावर मेंढरं काढून घेतली. मशीन घ्यायला जी मेंढरं इकली, तीच. काबरी, बांडी, लंगडी, मोरी. एकेका मेंढीच्या पाठीमागं एकेक दिवा. गोळी ज्या घंटीला लागंल ती मेंढी उजळायची.

बजरंग : आस्सं हाय का ते.

भामाबाई : भावकी हसली. म्हणली, धुळाजीनं चरणारी मेंढरं देऊन काचंतली मेंढरं आणली. तर हे म्हणायचे, ह्येंना ना चारा लागतो ना डोस, आन लांडगा तर जलमात येत न्हाई.

बजरंग : बोलायला लई तिरका होता. बरं, मी असं करतो. खालचा ट्रान्सफार्मर आधी काढून घेतो. जळालेला दिसतोय. केजला नेऊन गुंडाळून आणतो, मग दिव्यांचं बघू निवांत.

भामाबाई : काढा. तुमाला कळतंय तसं करा.

ऋतुजा : नाही. आधी दिवे.

बजरंग : का बरं?

ऋतुजा : दिवा लागत नसेल तर दिव्यापासून सुरू करायचं. आधी बल्ब, मग होल्डर, मग वायर, मग जोड, सगळ्यात शेवटी ट्रान्सफॉर्मर. शेवटचं आधी काढलं तर चूक कुठं होती ते कळतच नाही. दादांनी हेच शिकवलं होतं आणि आमच्या सरांनीही.

भामाबाई : मग ये आत आन दाखव.

ऋतुजा : इथूनच सांगते. काका, मागची काच तिरपी करून वर उचला. आई, तू खालून धर. तिकडं नाही, डाव्या हाताला खाच आहे. आता भिंतीला टेकवा. बल्ब उलटे फिरवून काढा आणि उजेडात धरा. आतली तार दिसते का?

बजरंग : हे बल्ब सायकलच्या डायनामोचे दिसायलेत.

ऋतुजा : मूळचे मिळत नव्हते. दादांनी होल्डर बदलून डायनामोचे बसवले. दोन्ही सहा व्होल्टचेच.

बजरंग : हा गेला. तार तुटलीय. हाबी गेला. ही कोण, वैनी?

भामाबाई : बांडी.

बजरंग : बांडी गेली. लंगडी गेली. हा तर आतून चांदीवानी झालाय. मोरीचाबी तसाच. सगळेच गेलेत की.

ऋतुजा : सगळे? नीट बघा. काबरीचा?

बजरंग : काबरीचाबी. एकबी जिता न्हाई.

ऋतुजा : असं कसं होईल? माझा जोड फक्त काबरीच्या वायरला होता. तो चुकला तर काबरी लागणार नाही, फार तर फ्यूज उडेल. बांडीच्या वायरला तर मी हातच लावला नव्हता.

भामाबाई : म्हंजी काय, माय? मला कळंल असं बोल.

ऋतुजा : थांब. मला बघू दे. काका, सरका थोडं. ते बल्ब इकडं द्या.

भामाबाई : आली बया आत.

बजरंग : वैनी, हिकडं बघा जरा. सायबानं हे मातर खोटं लिवलं न्हाई. होल्डर सगळे गंजलेत. पत्र्यावर पाण्याचा वघळ हाय, खालच्या फळीला बुरशी. आत पाणी गेलतं. माणूस मेला त्या दिशी ह्यात वल असंल, तर मग...

भामाबाई : ती मी धुतली.

बजरंग : काय धुतलं?

भामाबाई : मशीन. सुतक फिटलं तवा घर सारवलं, भांडी घासली, घोंगड्या वढ्यावर नेल्या. हे तेवढं कसं ठिवायचं? ह्येंचा शेवटचा हात ह्यालाच लागलेला. घागरीनं पाणी वतलं वरून, गोमूत्र शिंपडलं, फडक्यानं पुसलं. शेजारची चतुराबाई म्हणली, आतूनबी धू, म्हणून मागची फळी काढून आतबी वतलं. सुतकाची वस्तू घरात कशी ठिवावी, भावजी? त्येंच्या जिवाला वाट कशी मिळंल?

ऋतुजा : आई, साहेब मशीन बघायला कधी आला होता?

भामाबाई : त्येच्यानंतर. बरंच नंतर. मोबाईलची लाईट वरून आत मारली, नाक मुरडलं आन गेला.

ऋतुजा : म्हणजे त्यानं जो गंज लिहिला तो तुझ्या पाण्याचा आहे. दादा गेले तेव्हा मशीन आतून कोरडं होतं. सकाळी मीच तर आत हात घातला होता.

भामाबाई : मी धुतलं, आन त्यांनी ते तुज्या बापाच्या नावावर मांडलं?

ऋतुजा : तुला काय माहीत होतं.

भामाबाई : त्येला इचारायला काय झालतं? बाई, हे वलं कावून हाय, एवढंच. मी काय लपवणार होते? घर सारवलं म्हणून सांगितलं असतं तसंच हेबी सांगितलं असतं. दाराम्होरं उभा होता मी पाण्याचा तांब्या देईपतोर. पाणी पिला आन गेला.

बजरंग : त्यांना इचारायची सवय नसती, वैनी. ते सांगायला आलेले असत्यात.

ऋतुजा : काका, काबरीच्या होल्डरपासून वायर धरा. तिला लोकरीचा धागा असेल. दादांना वायरच्या रंगांचा कोड वाचता यायचा नाही, म्हणून प्रत्येक वायरला त्यांनी त्या त्या मेंढीची लोकर बांधली होती. काबरीची पांढरी-काळी. ती धरून खाली या. माझा जोड मधल्या फळीच्या मागे आहे.

बजरंग : आलो. हितं जाड झालंय कायतरी.

ऋतुजा : तोच. बघा त्याला टेप आहे का.

बजरंग : तुला ठाव न्हाई?

ऋतुजा : तेच तर आठवत नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, दादा म्हणत होते चल, जत्रेतली जागा जाईल. मी तारा पिळल्या, सोल्डरचा डाग दिला आणि उठले. टेप खिशात होती. रात्री दवाखान्यात खिशात हात घातला तर टेपचा गुंडा तसाच, फोडलेलासुद्धा नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही. आई, मी तार उघडी ठेवली असणार. साहेबानं कागद वाचला तेव्हा मला वाटलं, ह्याला कसं कळलं.

भामाबाई : एवढे दिस हे पोटात घेऊन मेंढरं राखत होतीस व्हय?

ऋतुजा : बघा ना काका. उघडी आहे ना?

बजरंग : उघडी न्हाई.

ऋतुजा : मन राखायला बोलू नका.

बजरंग : मन राखायला काय, तूच बघ. टेप न्हाई, पण उघडीबी न्हाई. वरून लोकर गुंडाळलीय. दाट, एकावर एक. शेवटाला गाठ मारलीय.

ऋतुजा : मी लोकर नव्हती गुंडाळली. मी असं कधीच करत नाही.

भामाबाई : दाव बरं. व्हय. ही दाव्याची गाठ हाय. कोकराला दाव्याला बांधताना घालत्यात, ओढली तर काचत न्हाई आन सुटतबी न्हाई. ही गाठ आमच्या घरात त्येंच्याबिगर कुणाला जमत न्हाई. डाव्या हाताची हाय बघ, उलटी.

ऋतुजा : दादांनी माझ्यामागून बघितलं होतं.

भामाबाई : बघणारच. तुला शिकवायचे, पण पाठ वळली की हात लावून बघायचे. कोकरू उठतंय का न्हाई, पितंय का न्हाई, तसं.

ऋतुजा : मला म्हणाले का नाहीत? म्हणायचं ना, पोरी, टेप राहिली.

भामाबाई : तुज्या जोडाला नाव ठिवायचं होतं का त्येंना? सगळ्या जत्रंला सांगत सुटले होते, काबरी माज्या लेकीनं लावली म्हणून. रसवंतीवाल्याला सांगितलं, पाळणेवाल्याला सांगितलं. मी म्हणलं, पुरे आता, मेंढीचं बारसं न्हाई.

बजरंग : ही लोकर बघ, ऋतुजा. पाण्यानं आवळलीय, पण पांढरी ती पांढरीच. लोकर जरा तापली तरी काळी पडती, वास सोडती. हितं ठिणगीसुदीक पडलेली न्हाई.

ऋतुजा : आणि उघडी असती तरी इथं सहाच व्होल्ट आहेत. सहा व्होल्टनं जिभेला झिणझिण्या येतात, माणूस मरत नाही. हे मला पहिल्या महिन्यात शिकवलंय. परीक्षेत लिहिलंय मी. आणि तरी मी त्या कागदावर विश्वास ठेवला.

भामाबाई : शिक्का होता ना त्येच्यावर.

ऋतुजा : आई, दादांची बॅटरी कुठंय? मेंढरांच्या वाड्यावर न्यायचे ती, चार शेलाची लांब.

भामाबाई : खुंटीला. लांडग्यावर मारायची ती? तिला काय करती?

ऋतुजा : चार शेल म्हणजे सहा व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर नसला तरी चालेल. काका, ट्रान्सफॉर्मरची ही दोन टोकं सोडवून शेलांना लावा. मी होल्डर घासते. आई, चुन्याच्या डबीत नवे बल्ब आहेत, एक दे. आता काबरीची घंटी बोटानं दाब. गोळी लागल्यावर दबते तशी. दाबून धर.

भामाबाई : हीच का? लई दिसांनी हात लावायलेय गं. दाबली.

ऋतुजा : नाही लागला. होल्डरमध्ये अजून गंज असेल. थांब, परत घासते. झालं. काका, काच धरा, परत जागेवर बसवू. आई, आता दाब.

(काचेवरच्या कळपात एका मेंढीमागे पिवळा उजेड उमटतो.)

भामाबाई : काबरी लागली.

ऋतुजा : सोड. परत दाब.

भामाबाई : लागली गं. तुजाच जोड, तुज्या बापाचीच लोकर. हिकडं बघ. रडायचंय तर रड, पण बघून रड.

बजरंग : झालं तर मग, वैनी. पोरीचा जोड खरा निघाला. लई बरं झालं. आता मी तेवढा ट्रान्सफार्मर काढतो आन निघतो. केजचा गडी दुकान बंद करंल.

ऋतुजा : ट्रान्सफॉर्मर राहू द्या, काका.

बजरंग : आगं, जळालेला हाय. उद्या तपासणीवाल्यांना जळकं कशाला दावायचं?

ऋतुजा : जळकंच दाखवायचंय. मला बघू द्या. दिव्यांकडची गुंडाळी चांगली आहे, वार्निश चमकतंय. जळाली आहे ती दुसरी, खांबावरची लाईन जिकडून आत येते ती. पार कोळसा झालाय आणि तिथूनच पत्र्याला डाग पडलाय. दादांचा हात त्या पत्र्यावर होता. काका, मशीनच्या आतला दोष असता तर आतलं जळलं असतं. हा मार बाहेरून आलाय. साध्या लाईनचाही नाही, फार मोठा. म्हणून सगळे बल्ब एका दमात गेले.

बजरंग : असंल. मला त्यातलं काय कळतंय.

ऋतुजा : मग आल्यापासून हाच काढायची घाई का होती?

भामाबाई : भावजी.

बजरंग : काय न्हाई, वैनी.

भामाबाई : बजरंगभावजी, मी तुमाला मशीन उघडायला बोलवलं, त्येच्याआधी तुमाला कोण बोललं होतं का?

बजरंग : हत्यारं भरतो मी, वैनी. अंधार व्हायलाय.

भामाबाई : ह्येंच्या मैताला तुमी खांदा दिला. तिरडीची पुढची बाजू धरली होती. मी बघत होते. आता पोरीच्या तोंडाकडं बघून सांगा.

बजरंग : सायबाचा फोन आलता. म्हणला, तू घरचा हायस, तुला नको म्हणणार न्हाईत. तपासणीच्या आधी ट्रान्सफार्मर रिपेरीच्या नावानं काढून आण. म्हणला, तेवढं कर, मग तुला कायम करायचं बघू. लई वर्सं झाली वैनी, दरसाल कायम करायचं बघत्यात.

भामाबाई : आन त्या राती काय झालतं?

बजरंग : वरच्या मोठ्या लाईनीची तार तुटून खालच्या लाईनीवर पडली होती. सडलेली तार. मी पावसाळ्याच्या आधीच लाईनमनला सांगितलतं. त्या राती जत्रा पांगायच्या आत मला वर चढवला. मी तार जोडली, खाली आलो, तवा कुणीतरी म्हणलं धुळाजी गेला. मी सायबाकडं गेलो. म्हणलं, सायेब, हे तारंमुळं झालं. तर म्हणला, कोणती तार बे? तू वर गेलाच न्हाईस. तुजं नाव कुठंय?

ऋतुजा : आणि पाळणेवाला, रसवंतीवाला? त्यांच्या ट्यूबा फुटल्या नव्हत्या?

भामाबाई : मी इचारून आले. पाळणेवाला म्हणला, बाई, आमाला पुढल्या साली तिथंच लाईन घ्यायचीय. रसवंतीवाल्यानं रस पाजला आन दुसरंच बोलला. मला वाटलं, ह्या दुनियेत त्या रातीची आठवण एकट्या मलाच हाय का काय.

बजरंग : मला झोप न्हाई, वैनी. डोळा लागला की खांबावर असतो. खाली बघतो तर धुळाजी मशिनीला हात लावायलाय, आन माज्या तोंडातनं शबूद फुटत न्हाई.

भामाबाई : स्वप्नात फुटंना तर जागेपणी फोडा. फोन वाजायलाय तुमचा.

बजरंग : त्येचाच हाय.

ऋतुजा : नका उचलू, काका.

भामाबाई : उचलू दे त्येंना. न्हाईतर हिकडं आणा. मी बोलते. तुमचं नाव घेऊ का नको, तेवढं सांगा.

बजरंग : घ्या. पुरं घ्या. बजरंग सटवा. एकदा तरी येऊ द्या कुठंतरी.

भामाबाई : हॅलो. बजरंग न्हाई, मी भामाबाई बोलते. नांदूरघाटची. धुळाजीची बायको... न्हाई सायेब, काढला न्हाई. ट्रान्सफार्मर हाय तिथंच ऱ्हाईल. उद्या तपासणीवाले बघतील... भांडत न्हाई मी. माज्या लेकीनं दिवा लावलाय, त्येच्या उजेडात बसून बोलायलेय. तिचा जोड खरा हाय. मशीन वलं होतं ते मी सुतकाचं धुतलं म्हणून, तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. ते राहू द्या. मी एकच इचारते. त्या राती तुमी बजरंग सटवाला खांबावर चढवला, तो काय जोडायला?... सायेब?... न्हाई, ठिवू नका. मला घाई न्हाई. मी हितंच बसलेय. सांगा.